गोष्टीत न बसलेले रंग

"यात गोष्ट कुठाय?" असं कुणी विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पूर्वी ती सिनेमापुरती जायची, आता आईच्या डाव्या डोळ्यामुळे जाते. त्या डोळ्याने तिला काही दिसत नाही, आणि ते तसं होण्यात दोन चांगल्या, नीट, सुरुवात आणि शेवट असलेल्या गोष्टींचा हात आहे. एक गोष्ट माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी रचली. दुसरी मी.

मी परभणीत एका शाळेत चित्रकला शिकवतो. रविवारी दुपारी आमचं सिनेमा मंडळ भरतं. एका वाचनालयाच्या वरचा हॉल, खिडक्यांना काळे पडदे, तीस-पस्तीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गरम झाला की घरघरणारा प्रोजेक्टर. मंडळ चालवणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. मंडळाचा एक रिवाज आहे. सिनेमा परदेशातला असेल तर आधी त्याची पानभर गोष्ट मराठीत वाचून दाखवायची, म्हणजे खालच्या इंग्रजी ओळी ज्यांना झपाट्याने वाचता येत नाहीत त्यांची अडचण होऊ नये. रिवाज चांगल्या मनाने सुरू झाला होता. पुढे लोक ते पानच ऐकायला यायला लागले. पान ऐकायचं, आणि मग दोन तास सिनेमा पानाबरहुकूम चाललाय की नाही ते तपासत बसायचं.

मला नाद आहे तो इटलीच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या भयपटांचा. तिकडे पिवळ्या मुखपृष्ठाच्या स्वस्त रहस्यकथा निघायच्या, त्यावरून या सिनेमांतल्या एका जातीला 'पिवळे' असंच म्हणतात. काळे हातमोजे घातलेला खुनी, वस्तरा, जिना, आणि कुठल्याच दिव्यातून न येणारा लाल उजेड. गोष्ट म्हणाल तर जागोजागी भोकं. दारात पोलीस उभा असताना त्याला हाक न मारता बाई एकटीच तळघरात उतरते. खुनी कोण ते शेवटी कळतं, पण तो खून का करत होता ते कळत नाही, आणि कळलंच तर हसू येतं. नटांचे आवाज मागाहून भरलेले, त्यामुळे ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच येतं. हे सगळं मला मान्य आहे. पण त्या सिनेमांत एखादी भिंत हळूहळू हिरवी व्हायला लागते तेव्हा मी खुर्चीत मागे सरकतो, आणि अजून तिथे कुणी मेलेलंही नसतं. भीती कारण विचारून येत नाही. ती आधी येते आणि मग आपण कारण शोधत बसतो. या लोकांनी ती आधीची भीती पकडली आणि तिच्यापायी गोष्ट फाटली तर खुशाल फाटू दिली.

हे मी मंडळात कितीदा सांगितलं असेल. एकदा म्हणालो, "सर, गोष्ट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. दोरी लागते, कबूल. पण आपण दोरी बघायला येतो का?"

सर म्हणाले, "दोरीच नसली तर कपडे चिखलात पडतात, गुरुजी."

सगळे हसले. उत्तर चांगलं होतं, आणि चांगलं होतं म्हणूनच मला जास्त राग आला. शेवटी दीड वर्ष मागे लागल्यावर सरांनी एक रविवार दिला. अट एकच, गोष्टीचं पान मी लिहायचं.

गोष्टीचं हे वेड मला नवीन नव्हतं. आमच्या गावी, राणीसावरगावात अप्पांचं किराणा दुकान होतं. माल आणायला ते एसटीने गंगाखेडला जायचे आणि जमलं तर सिनेमा बघून यायचे. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर त्या सिनेमाची गोष्ट व्हायची. ऐकायला सगळी आळी. अप्पा सांगायचे झकासच. सिनेमात नायकाचा भाऊ अर्ध्यातून गायब झाला असेल तर अप्पा त्याला पलटणीत भरती करून टाकायचे. ज्यांनी तो सिनेमा पाहिलेला असायचा ते म्हणायचे, अप्पांचा सिनेमा बरा. अप्पा म्हणायचे, "गोष्ट कशी खुलासेवार पायजे. ऐकणाऱ्याला कुठं ठेच लागू नये."

वर्षाकाठी एकदा ते आईलाही न्यायचे. मग शेजारणी तिला विचारायच्या, काय गं, काय होतं सिनेमात? आई सांगायची, "ती बाई बसली होती तिच्या मागं पडदा होता. डाळिंबाच्या सालीवानी तांबूस. मग ती रडाया लागली तवा त्यो निळा झाला. कुणी बदलला न्हाई, आपोआपच."

"आगं पन गोष्ट काय?"

"हीच तर गोष्ट हाय की."

आख्खी पायरी हसायची. मीही हसायचो. "गोष्ट इचारली तर पडदा सांगायली," हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं रूढ झालं. भांडण असो, देणंघेणं असो, कुणाच्या लग्नात काय झालं ते असो, आईने तोंड उघडलं की अप्पा म्हणायचे, "तू राहू दे, मी सांगतो." तिला सांगता येत नाही हे ठरूनच गेलं, आणि सांगता येत नाही म्हणजे तिला कळतही नाही, हेही त्याच्या पोटात ठरून गेलं. पुढे मी चित्रकलेची पदविका केली तेव्हा मला समजलं की प्रसंगाप्रमाणे मागच्या पडद्यावरचा उजेड बदलणं ही सिनेमावाल्यांची जाणून केलेली करामत असते, आणि तो सिनेमा पाहिलेल्या गावातल्या शेसव्वाशे लोकांत ती एकट्या माझ्या आईने पाहिली होती. हे मी विद्यार्थ्यांना सांगितलं, मंडळात सांगितलं. आईला सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं आणि दोघं माझ्याकडे परभणीला आले. घरात आम्ही तिघंच. आम्ही लिंगायत; आमच्याकडे गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्यावर नजर लावून पूजा करतात. आई सकाळी करते आणि दिवेलागणीलाही करते. गेल्या हिवाळ्यात एकदा पूजेवरून उठताना ती म्हणाली, "दिव्याभवती गोल दिसायलंय. आत निळं, भाईर तांबडं. लय नाजूक हाय."

अप्पांचा चेहरा उजळला. त्यांच्या मते हे इतक्या वर्षांच्या पूजेचं फळ होतं. येईल त्या पाहुण्याला ते सांगायला लागले, आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी भरायची. तिची लहानपणची दीक्षा, मग संसाराची ओढाताण, मग एके संध्याकाळी समईभोवती उमटलेलं ते तेजाचं कडं. आई बाजूला बसून असायची. "रोज न्हाई दिसत," ती म्हणायची, "अन् दिसलं की कपाळ दुखतंय." अप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण तेजाचं कडं बघून कुणाचं कपाळ दुखत नसतं.

मठातले महाराज घरी आले तेव्हा अप्पांनी त्यांनाही गोष्ट सांगितली. महाराजांनी शांतपणे ऐकली आणि आईला विचारलं, "माय, समईलाच दिसतंय का भाईरच्या दिव्याला बी?"

"रस्त्यावरच्या बी दिसतंय. मोटारसायकलीच्या बी."

"मग हे पूजेचं न्हाई. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा."

एवढं स्वच्छ बोलून ते गेले. दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या गोष्टीत महाराज आले, आशीर्वाद देऊन गेले, फक्त हे एक वाक्य गळालं. गोष्टीत ठेच लागत होती ना. ते वाक्य गळताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मला गंमत वाटली. अप्पा ते अप्पाच, असं मनात म्हणून मी शाळेत गेलो. आज त्या गमतीची मला शिसारी येते.

माझी गोष्ट याहून वाईट, कारण ती शहाण्या माणसाची होती. कपाळ वरचेवर दुखायला लागलं, कधी मळमळायचं, तेव्हा मी आईला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. गर्दी होती, त्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. दीड महिन्यापासून, आठवड्यातून एकदोनदा, संध्याकाळी, कपाळ दुखतं, मळमळतं, झोपलं की बरं वाटतं, खाण्यात तिखट जास्त आहे, पित्ताचा त्रास पहिल्यापासून. डॉक्टर म्हणालेसुद्धा, वा, असं सांगणारे नातेवाईक मिळत नाहीत. मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, "आणखी काही होतंय का, मावशी?"

आई म्हणाली, "दिव्याला…"

मी म्हणालो, "ते राहू दे गं."

त्या खोलीत हे मी बोललो. रविवारी लोकांना बजावून सांगणारा मी, की जे गोष्टीत बसत नाही तेच नीट बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मला वाटलं, आता ही समई, पूजा, निळं-तांबडं सगळं सांगत बसेल आणि डॉक्टर माझ्याकडे बघून हसतील. मला तिची लाज वाटली, असंच लिहायला हवं. पित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

मंडळाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते पान लिहायला मी सिनेमा पुन्हा लावला. खोलीचे पडदे ओढले. आई येऊन बसली. ती अलीकडे माझ्यासोबत हे सिनेमे बघायची आणि तिला आवडायचे. खुनी कोण, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं. मी पानासाठी टिपणं काढत होतो आणि चिडत होतो, कारण कागदावर सगळं पोरकट दिसत होतं. हिवाळ्यात बंद असलेलं समुद्रकाठचं हॉटेल, तिथे एक विधवा, तिच्या नवऱ्याचा मित्र, आणि पहिल्या अर्ध्या तासात मेलेला माणूस शेवटी खुनी निघतो. तो कसा काय जिवंत, ते कुणी सांगत नाही. पडद्यावर ती बाई लांबलचक बोळातून चालत होती, भिंतीवरच्या दिव्यांभोवती रंगीत धुकं होतं, आणि एकेक दिवा मागे पडत होता.

आई म्हणाली, "ह्या सिनेमावाल्याला बी माझ्यावानीच दिसत असंल."

मी म्हणालो, "हं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "डोळा फुटायलाय रे माझा." तिने डाव्या डोळ्यावर पदर दाबला होता. नंतर ओकारी झाली. मी पित्ताची गोळी दिली, पाणी दिलं, आतल्या खोलीत निजवलं आणि पान पुरं केलं.

रविवारी सकाळी ती उठली नाही. डोकं दुखायलंय, म्हणाली. अप्पा जवळ होते. मी मंडळात गेलो. माझं पान वाचून झालं तेव्हा लोक हसले, मेलेला माणूस खुनी निघतो तिथे तर एक जण टाळी वाजवून हसला. ते मी गिळलं. पण सिनेमात तो बोळ आला, ती चालायला लागली, दोन मिनिटं झाली, आणि सरांनी रिमोट उचलला.

"इथं काही घडत नाही," ते म्हणाले, "पुढं घेतो."

ती बाई बोळातून उंदरासारखी पळाली आणि थेट खुनावर येऊन थांबली. मी उभा राहिलो. म्हणालो, दिवे लावा. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. तुम्हाला सिनेमा नको, पंचनामा हवाय. त्या बोळातच सगळं घडत होतं. माणूस सांगतोय काय यापेक्षा कसं सांगतोय तिकडे कधी लक्ष दिलंय का तुम्ही? सर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, बसा." मी बसलो नाही. निघून आलो, आणि मोटारसायकलवर येताना मला फार बरं वाटत होतं. आपण कुणाची तरी बाजू घेऊन लढलो असं वाटत होतं.

घरी आल्यावर मी तो सगळा प्रसंग अप्पांना सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रंगवून सांगितला. अप्पा माना डोलवत होते. आई दाराशी येऊन उभी होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "डाव्या डोळ्यानं तू दिसना गेलास मला."

मी तिला उजव्या डोळ्यावर हात ठेवायला लावला आणि बोटं दाखवली. किती? ती हाताने चाचपत पुढे आली आणि तिने माझा खांदा धरला.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आत आम्ही डोळ्याच्या डॉक्टरबाईंच्या पायरीवर होतो. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि आईला विचारलं, "मावशी, आधी कधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का?"

पहिलाच प्रश्न. तपासणी नाही, आधीच्या आजारांची चौकशी नाही, पहिला प्रश्न हा.

"दिसायची की," आई म्हणाली. "आत निळं, भाईर तांबडं. हिवाळ्यापासून."

"मग सांगितलं नाही कुणाला?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती म्हणाली, "मला नीट सांगता येत न्हाई."

काचबिंदू. डोळ्यातलं पाणी निचरायची वाट बंद होते, आत दाब वाढतो आणि नस मरते. अंधारात बुबुळाच्या मधली बाहुली मोठी होते तेव्हा वाट आणखीच अडते, असं बाईंनी सांगितलं, आणि मला माझ्या खोलीचे ओढलेले पडदे आठवले. कडी दिसत होती तेव्हा आला असतात तर दोन्ही डोळे राहिले असते, असं त्या न रागावता म्हणाल्या. शनिवारी रात्रीपर्यंत आला असतात तरी बरंच वाचलं असतं. उजव्या डोळ्यात लेसरने वाट करून दिली, थेंब चालू आहेत, तो टिकेल. डावा गेला.

मंडळात मी पुन्हा गेलो नाही. सरांवर आता माझा राग नाही. त्यांनी फक्त सिनेमा पुढे पळवला.

रागाची जागा घरात आहे. आई दवाखान्यातून आल्याच्या आठव्या दिवशी राणीसावरगावहून अप्पांचे एक जुने स्नेही आणि त्यांची बायको बघायला आले. मी चहा घेऊन बाहेर आलो तर अप्पांनी सुरुवात केलेली. "मला पैल्यापासून शंका व्हती," ते म्हणत होते. "मी म्हणलं ह्याला, हिला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने." मी कप पाहुण्यांपुढे ठेवले. या वयातल्या बापाला पाहुण्यांसमोर खोटं पाडायचं नसतं, हे मला कळतं. पण त्यांना आपण खोटं बोलतोय असं वाटतही नव्हतं. गोष्ट नीट लागत होती, एवढंच त्यांना दिसत होतं.

मी म्हणालो, "अप्पा, थांबा. मायला सांगू द्या."

अप्पांनी चहाचा कप उचलला. सगळे आईकडे बघायला लागले. तिने पदर सावरला. मग म्हणाली, "आंधी दिव्याला निळं अन् तांबडं दिसायचं. मग एक दिस पांढरं झालं, साईवानी. आता काईच न्हाई. लोकास्नी वाटतंय अंधार दिसत असंल. अंधार बी न्हाई दिसत. काळं दिसायला बी डोळा लागतोय."

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी भीती कशी दाखवायची ते परदेशातल्या लोकांकडून शिकत होतो.

पाहुण्यांनी चुळबूळ केली. ते स्नेही चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे वळले. "त्ये ठीक हाय, गुरुजी," ते म्हणाले, "पन म्हंजे झालं काय नेमकं? तुमी सांगा बरं नीट."

अप्पा खाली बघत होते. मी म्हणालो, "ती सहा महिने सांगत होती. आम्ही ऐकलं नाही."

"अन् मग?"

"मग काही नाही. एवढंच झालं."

आईने माझ्याकडे बघायला मान पूर्ण वळवली. आता तिला तशी वळवावी लागते. "आता बराबर सांगितलंस," ती म्हणाली.